मूळ गीत कोणते?

एकाच गीताची दोन रूपे प्रचलित असली, तर मूळ कोणते मानावे? मॅडोना या अमेरिकन गायिकेचे 'एक्स्प्रेस युवरसेल्फ' हे गीत आम्हांस या संदर्भात बोधप्रद वाटते. १९८९ च्या 'लाइक अ प्रेअर' या अल्बमसाठी तिने स्टीफन ब्रे यांच्यासह त्याची निर्मिती केली. तेथे पितळी वाद्यांचा नाद ठसठशीत आहे. त्याच वर्षी सिंगल तबकडीसाठी शेप पेटिबोन यांनी वाद्यमेळ पालटून नृत्यगृहास साजेसे रीमिक्स सिद्ध केले. चित्रफितीने तेच स्वीकारले. १९९० च्या 'द इमॅक्युलेट कलेक्शन' या संग्रहातही रीमिक्सच आले. गळा तोच, साथ निराळी. लोकांच्या कानांत मात्र नंतरचेच रूप रुजले. म्हणून केवळ संग्रहावरून गायिकेचा इतिहास लिहू नये, आधी अल्बम ऐकावा, असे आम्हांस वाटते.