टक्स : लिनक्सचा पेंग्विन

लिनक्स या मुक्तस्रोत संगणकप्रणालीचे शुभंकर. पाय पसरून बसलेला, पिवळ्या चोचीचा आणि गुबगुबीत पांढऱ्या पोटाचा हा पेंग्विन लॅरी यूइंग यांनी १९९६ मध्ये चितारला. ते तेव्हा अमेरिकेतील टेक्सस ए अँड एम विद्यापीठात शिकत होते. लोक याला सर्रास लिनक्सचा लोगो म्हणतात, पण बोधचिन्हासाठी झालेल्या एकाही स्पर्धेत तो जिंकलेला नाही.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी हेलसिंकीत विद्यार्थी असताना १९९१ मध्ये लिनक्सच्या कर्नलचे म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे काम हाती घेतले. पुढची काही वर्षे चिन्हावाचून कोणाचे अडले नाही. १९९६ मध्ये २.० ही आवृत्ती दृष्टिपथात आली, तेव्हा विकासकांच्या पत्रव्यवहारात चिन्हाचा विषय निघाला आणि प्रत्येकाला काही ना काही सुचू लागले. कोणी शार्क सुचवला, कोणी गरुड, कोणी कोल्हा, तर कोणाला प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या चिन्हांची टिंगल करायची होती. टॉरवाल्ड्स यांनी सहज बोलावे तसे आपल्याला पेंग्विन आवडतात असे सांगितले आणि वाद तिथेच मिटला. यामागे एक किस्सा सांगितला जातो. १९९३ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील प्राणिसंग्रहालयात एका छोट्या पेंग्विनने त्यांच्या बोटाला चोच मारली होती. तेव्हापासून आपल्याला ‘पेंग्विनायटिस’ जडला, असे ते गमतीने सांगत.

प्राणी ठरला तरी तो कसा दिसावा हे ठरायचे होते, आणि टॉरवाल्ड्स यांनी याबाबत दिलेले वर्णन निवडीइतकेच महत्त्वाचे आहे. त्यांना पेंग्विन थोडा लठ्ठ हवा होता. भरपेट हेरिंग मासे खाऊन, नुकताच ढेकर देऊन, चेहऱ्यावर तृप्ती घेऊन तो बसलेला असावा. पृथ्वीचा गोल खांद्यावर पेलणारा मर्द पेंग्विन त्यांना नको होता. ताकद, वेग, झेप असल्या जाहिरातबाज गुणांना त्यांनी आधीच फाटा दिला. मोठमोठ्या कंपन्या चिन्हासाठी सल्लागार नेमतात. त्यांच्या हाती इतकी नेमकी मागणी क्वचितच लागत असेल.

लिनक्सचे विकासक अ‍ॅलन कॉक्स यांनी पेंग्विनचे एक चित्र चर्चेत आणले होते. त्यावरून कल्पना पुढे गेली आणि यूइंग यांनी आजचे चित्र तयार केले. आधी काळ्यापांढऱ्या रेषांचे रेखाटन, मग रंग आणि छटा, असा त्याचा क्रम होता. साधन होते गिंप या चित्रसंपादकाची ०.५४ ही आवृत्ती. तिच्यात थरांची म्हणजे लेयर्सची सोय नव्हती. त्यामुळे पोटावरची सावली, डोळ्यांतली चमक, चोचीवरचा उजेड हे सारे एकाच पटावर रंगवावे लागले. गंमत अशी, की मुक्त सॉफ्टवेअरचे हे प्रतीक ज्या गिंपमध्ये जन्मले, त्याची ती आवृत्ती परवान्याने बांधलेल्या मोटिफ या व्यावसायिक साधनसंचावर चालत होती. टक्स हे नाव जेम्स ह्यूज यांनी सुचवले.

स्पर्धा हरूनही टक्स टिकला, त्याचे कारण चित्राइतकेच परवानगीच्या एका वाक्यात आहे. चित्र कोणीही वापरावे, बदलावे. कोणी विचारलेच तर यूइंग यांचा आणि गिंपचा उल्लेख करावा, एवढीच अट आहे. त्यामुळे कोणी त्याच्या हाती तलवार दिली, कोणी डोक्यावर फेटा चढवला, कोणी त्याला शर्यतीच्या गाडीत बसवले. ‘टक्स रेसर’ आणि ‘सुपरटक्सकार्ट’ हे खेळ त्यातूनच आले. मुलांसाठीचा ‘टक्स पेंट’ हा चित्रकलेचा प्रोग्रॅम मराठीत आणि कोकणीतही उपलब्ध आहे. ‘लिनक्स’ या नावाची गोष्ट मात्र वेगळी. दुसऱ्याच कोणी ते अमेरिकेत आपल्या नावे व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले होते. वाद होऊन १९९७ मध्ये ते टॉरवाल्ड्स यांच्याकडे आले. नाव राखायचे आणि चित्र मोकळे सोडायचे ही विभागणी कोणी बसून आखली नव्हती, पण तिने लिनक्सचे भलेच केले.

इतर प्रकल्पांचा अनुभव पाहिला की हे पटते. बीएसडी या मुक्तस्रोत प्रणालींचे शुभंकर म्हणजे त्रिशूळधारी लाल सैतान, बीस्टी. त्याचे सर्वपरिचित रूप पुढे पिक्सारमुळे गाजलेल्या जॉन लॅसेटर यांनी काढले. स्वामित्वहक्क बीएसडीचे विकासक मार्शल कर्क मॅकुसिक यांच्याकडे आहे आणि व्यापारी वापरासाठी त्यांची परवानगी लागते. शिंगे पाहून धार्मिक लोक बिचकत, ते निराळेच. अखेर त्यांपैकी फ्रीबीएसडीने २००५ मध्ये स्पर्धा घेऊन शिंगांचा लाल गोळा हा नवा लोगो घेतला आणि बीस्टीला शुभंकर म्हणून ठेवले. फायरफॉक्सचे प्रकरण आणखी ताणले गेले. ब्राउझरचा कोड मुक्त, पण लोगो आणि नाव तो बनवणाऱ्या मोझिलाच्या व्यापारचिन्ह-नियमांत बांधलेले. लोगो वगळून नाव तेवढे वापरणे मोझिलाला मान्य नव्हते आणि मुक्त नसलेला लोगो घेणे डेबियन या लिनक्स वितरणाला. तेव्हा डेबियनने २००६ मध्ये तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ या नावाने द्यायला सुरुवात केली. फायरफॉक्स हे नाव तिथे परतायला २०१६ उजाडले. मुक्तस्रोत प्रकल्पाने लोगो निवडताना रंग-आकाराची जितकी चर्चा होते, तितकी परवान्याची आधी व्हायला हवी.

मोकळीक दिली की तिचे विचित्र वापरही होतात. २००१ मध्ये आयबीएमच्या लिनक्ससाठीच्या जाहिरातमोहिमेत शांतीचिन्ह, बदाम आणि पेंग्विन यांचे ठसे सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोच्या पदपथांवर उमटवले गेले. पाण्याने धुऊन जाईल असे सांगितलेला रंग काही केल्या जाईना. सॅन फ्रान्सिस्को शहराने कंपनीकडून दंड आणि सफाईखर्च मिळून लाखाहून अधिक डॉलर वसूल केले. टक्सची बदनामी झाली नाही.

कर्नलमध्येही त्याची जागा पक्की आहे. लिनक्स सुरू होताना, ती सोय चालू ठेवलेली असेल तर, पडद्याच्या वरच्या कडेला ८० बाय ८० पिक्सेलचा टक्स दिसतो. प्रोसेसरला जितके कोर तितके पेंग्विन. चार कोरच्या यंत्रावर चार जण ओळीने बसलेले असतात. ही जागा त्याने एकदाच सोडली. टास्मानियातील टास्मानियन डेव्हिल हा प्राणी चेहऱ्यावरील संसर्गजन्य कर्करोगाने झपाट्याने कमी होत आहे. त्याकडे लक्ष वेधण्यासाठी मार्च २००९ मध्ये आलेल्या २.६.२९ या आवृत्तीत पेंग्विनची खोटी चोच लावलेला ‘टझ’ नावाचा डेव्हिल बसवण्यात आला. पुढच्या २.६.३० या आवृत्तीत टक्स पुन्हा रुजू झाला.