फॅन: अंगात आलेला

छताला फिरतो तो फॅन आणि कोरियन गाण्याच्या नव्या व्हिडिओसाठी रात्री दोनपर्यंत जागतो तो फॅन, हे दोघे सख्खे सोडा, चुलतभाऊही नव्हेत. पंख्याचं मूळ लॅटिन ‘वान्नुस’, म्हणजे धान्य पाखडायचं सूप. माणसाचं मूळ ‘फानुम’, म्हणजे देऊळ. त्यावरून ‘फनाटिकुस’. बेलोना, सिबिली या देवींचं वारं अंगात आलेल्या पुजाऱ्यांना रोममध्ये हा शब्द लावत. इंग्रजीत त्याचा ‘फनॅटिक’ झाला आणि १९व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलवेड्या प्रेक्षकांपुरता ‘फॅन’ एवढाच उरला. (देवळाबाहेरचं ते ‘प्रोफेन’, अपवित्र. फॅनमंडळींच्या भांडणांत ही विभागणी अजून कडक पाळतात.)

आपला ‘चाहता’ त्यामानाने सोवळा. टाळ्या वाजवतो, घरी जातो. पण भाजीला फोडणी देता देता हॅशटॅग चालवणारी, लाडक्या नायकाला कुणी नाव ठेवलं की तुटून पडणारी, संपलेल्या मालिकेचे पुढचे भाग स्वतःच लिहून टाकणारी? तिला चाहती म्हणणं मला फिकं वाटतं. तिच्या पिढीने शब्दही बदललाय. रॅपर एमिनेमच्या २०००मधल्या गाण्यात स्टॅन नावाचा झपाटलेला चाहता आहे. त्याच्या नावाचं आता क्रियापद झालंय. कोरियन बँड बीटीएसची फॅन म्हणते: ‘मी बीटीएसला स्टॅन करते.’