तळटीप ७ : ‘बॉकिंग १४’

७. बॉकिंग १४ : कॉम्फ्री या केसाळ पानांच्या बहुवर्षायू वनस्पतीचा वाण, लॉरेन्स हिल्स यांनी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात, बॉकिंग येथे १९५० च्या दशकात निवडलेला. त्याला रुजणारे बी धरत नाही, लागवड मुळाच्या तुकड्यांनी होते. पण मातीत राहिलेला तुकडाही फुटतो, म्हणून जागा विचारपूर्वक निवडावी. पानांत पालाश भरपूर. ती कुजवून केलेले उग्र वासाचे द्रावण पातळ करून टोमॅटोला घालतात. हाडे सांधणारी म्हणून कॉम्फ्रीची जुनी ख्याती आहे, मग ती खायला काय हरकत, असे कोणी म्हणेल. परंतु तिच्यातील पायरोलिझिडीन अल्कलॉइड यकृताला घातक ठरतात. त्यामुळे लेखकाने सुचवलेली पानांची भाजी आज करू नये. कॉम्फ्री खतापुरतीच वापरावी. — संपादक