ओठ शिवल्यानंतर

प, फ, ब, भ, म ही आपल्या भाषेतली ओठांची अक्षरं. आम्हा कवींना ती फुकट मिळतात. पण साधारण सातशे जन्मांमागे एक मूल दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन येतं. टाळूच्या फटीतून हवा नाकात जाते आणि ‘बाबा’ म्हटलेलं ‘मामा’सारखं ऐकू येतं. मग घरात कुजबुज, की आईनं ग्रहणात काही चिरलं असणार! ही खुळी समजूत वाड्यात आहे, तशी आमच्या मोहल्ल्यातही आहे.

अशा मुलांसाठी एक मराठी माणूस न्यूयॉर्कहून दरवर्षी यायचा. पंढरपूरला १९३० साली जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित. १९६८पासून त्यांनी भारतात प्लास्टिक सर्जरीची मोफत शिबिरं घेतली. पुढे मोटार अपघातानं शरीराची एक बाजू अधू झाली, कर्करोगानं स्वरयंत्र गेलं. तरी हात थांबले नाहीत. स्वतःचा आवाज गमावलेला हा माणूस लेकरांच्या तोंडी अक्षरं देत राहिला. महाराष्ट्रात भारतीय जैन संघटनेनं त्यांची शिबिरं भरवली. २००१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०११ साली ते गेले.

असा माणूस गेल्यावर कामाचं काय होतं? १९९१ साली मुंबईहून निघालेली ‘जीवनरेखा एक्स्प्रेस’ ही रुळांवरची रुग्णालयगाडीही काही आठवडे थांबून पुढच्या स्टेशनाकडे जाते. मुलाची गरज मात्र तिथंच राहते. ओठ साधारण तिसऱ्या महिन्यापासून शिवता येतो, टाळू वर्षाच्या आसपास. त्यानंतर कान तपासायचे, दात सरळ करायचे, उच्चार शिकवायचे. हे काम वर्षानुवर्षांचं.

म्हणूनच १९९९ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘स्माइल ट्रेन’नं वेगळी वाट धरली. पाहुणे डॉक्टर पाठवण्याऐवजी स्थानिक डॉक्टरांना प्रशिक्षण आणि पैसा दिला. वाराणसीच्या डॉ. सुबोधकुमार सिंह यांचं असंच काम दाखवणाऱ्या ‘स्माइल पिंकी’ या माहितीपटाला २००९ साली ऑस्कर मिळालं.

मला दीक्षितांचं मोठेपण यात कमी झालेलं दिसत नाही. त्यांनी दार उघडलं. ते उघडं ठेवणं गावातल्या माणसांचं काम. आमच्या अंधेरी-घाटकोपरच्या वस्तीतली आईसुद्धा उच्चारांच्या धड्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून लोकल पकडते. तिच्या भाड्याचा, बुडालेल्या रोजाचा विचार ज्या योजनेत नाही, ती योजना अर्धीच. शिबिराच्या फलकावर शस्त्रक्रियांचा आकडा असतो. त्याखाली आणखी एक आकडा लिहावा: वर्षभरानं तपासणीला परत आलेली मुलं किती?