वेस्ट हॅमच्या गोलमध्ये उभी राहिलेली भारतीय मुलगी

इंग्लंडचा वेस्ट हॅम युनायटेड हा फुटबॉल क्लब मुळात कारखान्यातला. १८९५ साली थेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्याच्या कामगारांसाठी संघ निघाला आणि १९०० मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. क्लबच्या चिन्हावर रिव्हेट ठोकायचे दोन हातोडे अजून आहेत. भोसरी-चाकणच्या कामगाराला ते परके वाटणार नाहीत.

याच क्लबच्या महिला संघाकडून ऑगस्ट २०१५ मध्ये अदिती चौहान ही भारतीय गोलकीपर मैदानात उतरली. जन्म चेन्नईचा, वाढली दिल्लीत. पहिल्याच सामन्यात कॉव्हेंट्रीने पाच गोल केले. तरी इंग्लिश लीगमध्ये खेळलेली पहिली भारतीय महिला म्हणून तिची नोंद झाली. संघ तिसऱ्या श्रेणीतला होता, मुक्कामही मोठा नव्हता.

ती तिथवर पोहोचली कशी? २००९ मध्ये सुनील छेत्रीला क्वीन्स पार्क रेंजर्सने करार देऊ केला होता; पण भारताचं फिफा क्रमवारीतलं स्थान खाली असल्यामुळे कामाचा परवाना नाकारला गेला. अदिती लफबरो विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकायला गेली होती. तालीम घ्यायला गेली, म्हणून मैदानही सापडलं.

त्या मैदानालाही इतिहास आहे. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १९२१ मध्ये आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली. कारण सांगितलं, हा खेळ बायकांना शोभत नाही. ही बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. पुढे अडवणूक दुसऱ्या टोकाने झाली: २०११ मध्ये हिजाबमुळे इराणच्या मुलींना ऑलिंपिक पात्रता सामना खेळू दिला नाही. डोकं झाकून खेळायची रीतसर परवानगी २०१४ मध्ये मिळाली. एकीकडे खेळ शोभत नाही म्हणून, दुसरीकडे पोशाख चालत नाही म्हणून. बाहेर राहिली ती मुलगीच.

२० जानेवारी २०२२ रोजी नवी मुंबईत आशियाई चषकात भारत आणि इराण समोरासमोर आले. इराणच्या मुली हिजाबमध्ये खेळल्या, भारताच्या गोलमध्ये अदिती होती. सामना ०-० सुटला. पुढे कोविडमुळे भारताला स्पर्धा सोडावी लागली. उपांत्य सामने मात्र बालेवाडीत झाले, आपल्या वाकडपासून फक्त मुळा नदीपलीकडे.

आपल्या मोहल्ल्यांत मुलगी मोठी झाली की आधी खेळ सुटतो, मग पुष्कळदा कॉलेजही. रुमालाची सबब आता उरलेली नाही. नदी ओलांडायची इजाजत तेवढी घरातून मिळायची आहे.