अनामिकांचे गोत्र

काशीस मरण यावे ही इच्छा महाराष्ट्राने कित्येक शतके मनाशी बाळगली. आगगाडी नव्हती त्या काळी वृद्ध माणसे घरादाराची निरवानिरव करीत, सोयऱ्याधायऱ्यांचा निरोप घेत आणि उत्तरेची वाट धरीत. ती परत येतील अशी अपेक्षा कोणी फारशी करीत नसे. काशीत देह पडला, की प्रत्यक्ष विश्वेश्वर मरणाऱ्याच्या कानात तारक मंत्र सांगतो, अशी श्रद्धा आहे. त्या मंत्राला धनाची, कुळाची वा जातीची अट नाही. परंतु मंत्र सांगून झाल्यावर देह मागे उरतोच. त्या देहाला खांदा कोणी द्यावयाचा, लाकडे कोणी आणावयाची आणि वर्षाने त्याचे नाव कोणी घ्यावयाचे, हे प्रश्न विश्वेश्वराने माणसांवर सोपविले आहेत. ज्याला घर नाही आणि आप्तही नाही, असा माणूस याच नगरीच्या घाटावर किंवा गल्लीच्या तोंडाशी शेवटचा श्वास घेतो, तेव्हा या प्रश्नांची उत्तरे काय दिली गेली, हे पाहणे उद्बोधक आहे.

प्रथम शास्त्राकडे वळू. काशीच्या धर्मशास्त्रावर मराठी विद्वत्तेचा ठसा मोठा आहे. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीस स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनी प्रयाग, काशी व गया या तीन क्षेत्रांच्या विधींवर ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ लिहिला आणि अंत्यसंस्कारांवर ‘अंत्येष्टिपद्धति’ रचली. त्यांचे नातू कमलाकरभट्ट यांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ साली पूर्ण झाला. शिवछत्रपतींना १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. या परंपरेने मृत्यूविषयीच्या कितीतरी अडचणींचा बारकाईने विचार केला. मनुष्य परदेशी मेला आणि देह हाती लागला नाही, तर पळसाच्या तीनशे साठ पानांची आकृती करून तिला अग्नी द्यावा, असे सांगितले. मृताचे गोत्र ठाऊक नसेल, तर काश्यप गोत्र उच्चारावे, अशी सोय केली. तर्पणात आपल्या कुळातील निपुत्रिकांसाठी वस्त्र पिळून पाणी सोडतात. जे आपले बांधव नव्हते, अशांच्या तृप्तीसाठीही एक ओंजळ राखून ठेवलेली असते.

या ओंजळीचे महत्त्व मोठे आहे. ज्याला आठवणारे कोणी नाही त्यालाही आठवणे हे गृहस्थाचे कर्तव्य आहे, हा विचार तिच्यात आहे. तथापि इतिहासाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अनाथाचे प्रेत वाहून नेणाऱ्यास पावलोपावली यज्ञाचे फळ मिळते, असे पराशरस्मृती म्हणते. पण तेथे अनाथ म्हणजे अनाथ ब्राह्मण, आणि वाहणारे द्विज. करुणेलाही जातीची वेस होती. रस्त्यावर मरणारा बहुधा त्या वेशीबाहेरचाच असे.

शास्त्रानंतर येतो तो खर्च. काशीच्या दोन स्मशानघाटांपैकी एकाला राजा हरिश्चंद्राचे नाव आहे. तारामती रोहिदासाचे शव घेऊन स्मशानात येते आणि तिच्यापाशी स्मशानाचा कर भरण्यास काही नसते. तो कर मागणारा स्मशानसेवक म्हणजे तिचा स्वतःचाच पती. ही कथा सत्यनिष्ठेची म्हणून सांगितली जाते; परंतु ती दरिद्री मनुष्याच्या अंत्यविधीचीही कथा आहे. एका चितेला सात-आठ मण लाकूड सहज लागते. ते विकत घेण्याचे सामर्थ्य नसलेल्यांची प्रेते अर्धवट जळलेली किंवा न जाळताच गंगेत सोडली जात. पुढे १९८६ साली गंगा शुद्धीकरणाची सरकारी योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या कामांत हरिश्चंद्र घाटावरील विद्युत दाहिनीचाही समावेश झाला. नदी स्वच्छ राहावी हा तिचा हेतू. पण गरिबाच्या देहाला पुरता अग्नी मिळावा, हेही तिच्यामुळे थोडेबहुत साधले.

परंतु मृताचा सन्मान मृत्यूनंतर सुरू होत नाही, तो मृत्यूच्या आधी सुरू होतो, ही जाणीव काशीला एका लहानशा प्रसंगाने दिली. १९०० सालच्या जून महिन्यात यामिनीरंजन मजुमदार हा बंगाली तरुण रस्त्याने जात असता त्याला एक निराधार वृद्धा मरणोन्मुख अवस्थेत पडलेली दिसली. असे दृश्य काशीत नवे नव्हते. मोक्षासाठी आलेल्या आणि हळूहळू विस्मृतीत गेलेल्या वृद्धा तेथे पुष्कळ होत्या. माणसे तिला ओलांडून स्नानास जात होती. यामिनीरंजनाच्या खिशात काही नव्हते. त्याने एका गृहस्थाकडून चार आणे मागून घेतले, दूध आणले आणि ते तिला पाजले. त्या चार आण्यांवर एक संस्था उभी राहिली. चारुचंद्र दास आदी मित्र त्याला मिळाले, आणि रस्त्यावर पडलेल्या आजाऱ्यांना उचलून आणणे, औषध देणे, शुश्रूषा करणे हे त्यांचे नित्याचे काम झाले. १९०२ च्या आरंभी स्वामी विवेकानंद काशीस आले, त्या वेळी संस्थेच्या नावात दरिद्र्यांचे दुःखनिवारण असा अर्थ होता. निवारण करणारे तुम्ही कोण, तुम्ही फक्त सेवा करू शकता, अशा आशयाचे बोल त्यांनी ऐकविले आणि संस्था ‘सेवाश्रम’ झाली. १९१२ साली शारदादेवी तेथे आल्या. तेथील काम पाहून त्यांनी दहा रुपयांची एक नोट दिली. ती आश्रमाने खर्च न करता जपून ठेविली. लक्सा भागातील रामकृष्ण मिशनचे रुग्णालय याच बीजाचा वृक्ष होय.

पुढे १९५८ साली दालमिया घराण्याच्या विश्वस्तनिधीने ‘काशीलाभ मुक्तिभवन’ सुरू केले. आसन्नमरण माणसाने येथे येऊन शांतपणे देह ठेवावा, ही त्यामागील कल्पना. मात्र तेथे मरणाऱ्यासमवेत त्याचे आप्त येतात. मुक्कामालाही साधारण दोन आठवड्यांची मर्यादा असते. ज्याला आणणारेच कोणी नाही, तो त्या दारापर्यंत पोहोचत नाही. त्याची नोंद पोलिसांच्या पंचनाम्यात होते: अज्ञात पुरुष, वय अंदाजे साठ, अंगावर मळके धोतर. ओळख पटविण्यासाठी काही अवधी जातो आणि मग सरकारी खर्चाने अग्नी दिला जातो. पंचनाम्याच्या या तीन-चार शब्दांतच पुष्कळांचे चरित्र संपते. २०११ च्या जनगणनेत भारतात १७ लाख ७३ हजारांवर माणसे बेघर आढळली, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रश्नाचा आवाका कळतो. बेवारस मृतालाही त्याच्या धर्माप्रमाणे सन्मानाने अंतिम संस्कार मिळाला पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली मान्य केले. तर्पणातील त्या एका ओंजळीला अशा रीतीने कायद्याचे रूप आले.

इतर देशांतही हा विचार रुजत आहे. न्यूयॉर्कजवळच्या हार्ट बेटावर १८६९ पासून दहा लाखांहून अधिक निराधार व अनोळखी मृत पुरले गेले. अमेरिकेत १९९० पासून, डिसेंबरातील सर्वांत दीर्घ रात्रीच्या सुमारास, त्या वर्षी मृत्यू पावलेल्या बेघरांची नावे मोठ्याने वाचली जातात. काशीत याला जवळची प्रथा म्हणजे कार्तिकातील आकाशदीप. पंचगंगा घाटावर उंच बांबूंना टोपल्या बांधून त्यांत पितरांसाठी दिवे ठेवतात. तेथला दगडी दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांनी उभारला असे मानतात. पौर्णिमेस तो दिव्यांनी झळकतो. आकाशात चढविलेल्या दिव्याचा प्रकाश कोणा एका कुळापुरता राहत नाही.

शके १४९५ मध्ये अशाच एका कार्तिक पौर्णिमेस एकनाथांनी आपले ‘भागवत’ काशीस पूर्ण केले. नाथही पैठणचेच. वडिलांच्या श्राद्धाचा स्वयंपाक सिद्ध झाला असता, त्याच्या सुवासाने थबकलेल्या भुकेल्या अस्पृश्य कुटुंबाला त्यांनी तो प्रथम वाढला, अशी त्यांच्या चरित्रातील कथा सर्वांना ठाऊक आहे. ब्राह्मण रुसून गेले. पितर मात्र प्रत्यक्ष येऊन जेवले. नारायणभट्टांच्या ग्रंथांनी मृतांचे ऋण कसे फेडावे ते सांगितले. नाथांनी ते जिवंतांपासून फेडावयास आरंभ केला. घाटाच्या पायरीवर एखादा अनोळखी वृद्ध पडलेला असेल, तर त्याचे श्राद्ध त्याच क्षणी सुरू झालेले असते. त्याचे नाव विचारणे हा त्यातील पहिला विधी होय.