कुंपणाबाहेरचा दरोडा
१९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि पिंपरी कारखान्यांची झाली. तेव्हा चोराला निदान कुंपण ओलांडावे लागे.

ऑगस्ट २०१८मध्ये शेजारच्या पुण्यात हॅकरांनी कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरकाव केला. बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे निघाले. बँकेचे ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. त्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले.

२०२१च्या सुरुवातीला घाव घरातच बसला. पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाचे निगडीतील सर्व्हर रॅन्समवेअरने जखडले आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. नागरिकांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेवरचा हा हल्ला होता.

२०२३मध्ये कॉसमॉस प्रकरणात पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. पैसे काढणारे हात सापडले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने मात्र या दरोड्यामागे उत्तर कोरियाकडे बोट दाखवले होते.